निकालाआधीचे दिवस

नरकचतुर्दशीच्या सकाळी आमच्याकडे फराळाला चार माणसे येतात. अभ्यंगस्नान उरकलेले असते, अंगाला उटण्याचा वास येत असतो, मुलांचे फटाके अर्धे वाजून झालेले असतात. चकलीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत पीकपाण्याच्या गोष्टी होतात, दुसऱ्या तुकड्याला भावकी निघते आणि चहा येईपर्यंत राजकारण येऊन बसते. अलीकडे राजकारण म्हणजे बहुधा कोणाची तरी चौकशी. नावे दरवर्षी बदलतात, पक्ष बदलतात. बोलण्याचा सूर मात्र बदलत नाही. अर्धी माणसे म्हणतात, "चोरच आहे तो, आम्ही आधीपासून सांगत होतो." उरलेली अर्धी म्हणतात, "हे सगळं कुभांड आहे, विरोधकांनी रचलेलं." आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मी शाळामास्तर, शिवाय दोन-चार कादंबऱ्या लिहिलेला. तेव्हा माझ्यापाशी मत असलेच पाहिजे, अशी गावाची समजूत आहे.

"काय मास्तर, तुमचं मत काय?"

मागल्या दिवाळीत मी म्हणालो, "माझं मत अजून झालेलं नाही."

यावर जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. सत्यनारायणाला येऊन प्रसाद न घेताच मी निघालो आहे, अशा नजरेने सगळे माझ्याकडे पाहू लागले. शेवटी शेजारचे आप्पा म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्यांच्याच बाजूचे म्हणायचे!" गंमत अशी, की पलीकडे बसलेल्या दुसऱ्या पक्षाच्या गृहस्थांनाही अगदी तेच वाटले होते. मी कोणाच्या बाजूचा, याविषयी दोघांचे मत निरनिराळे होते. पण मी लपवाछपवी करतो आहे, याविषयी एकमत होते.

आप्पांना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. "अजून मत नाही" असे म्हणणारा माणूस भित्रा असतो, आळशी असतो किंवा लबाड असतो. या तिन्ही जातींची माणसे मी पाहिली आहेत आणि पहिल्या दोन जातींत मी स्वतः अधूनमधून राहून आलो आहे. मग यांखेरीज चौथा, सरळ माणूस असू शकतो की नाही? चौकशी चालू असताना निवाडा राखून ठेवणे हा गुण आहे, की चांगले नाव दिलेली पळवाट आहे? वर्षभर हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे.

मी कायद्याचा माणूस नव्हे. मॅट्रिक झालो, मग चित्रकलेच्या शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे मुलांना वस्तुचित्र काढायला शिकवतो आहे. त्यामुळे माझे कोणतेही तत्त्वज्ञान फिरून फिरून तांब्यापाशी येते. टेबलावर तांब्या ठेवावा आणि एलिमेंटरी परीक्षेला बसणाऱ्या मुलांना म्हणावे, "काढा." दहांपैकी आठ मुले तांब्याचे तोंड पूर्ण गोल काढतात. वस्तुतः त्यांच्या जागेवरून ते तोंड गोल दिसतच नाही. चपटे, लांबट दिसते. अगदी डोळ्यांच्या पातळीवर तांब्या ठेवला तर नुसती आडवी रेघ दिसते. मग मुले गोल का काढतात? तांब्याचे तोंड गोल असते हे त्यांना ठाऊक असते म्हणून. समोरचा तांब्या ती पाहतच नाहीत. डोक्यातला तांब्या कागदावर उतरवतात. मी म्हणतो, "अरे, रेघ मारू नकोस. दोन मिनिटं नुसता बघ." ही दोन मिनिटे मुलांना फार जड जातात. हातात पेन्सिल असताना ती कागदाला न टेकवणे हे वस्तुचित्रातले सर्वांत अवघड काम आहे.

राजकीय चौकशीत आपले असेच होते. अमुक पक्षाची माणसे चोर असतात, हे आपल्याला ठाऊक असते. किंवा अमुक पुढारी देवमाणूस आहे, हे ठाऊक असते. मग समोर काय आहे ते कशाला पाहायचे?

आपल्याकडच्या एका गाजलेल्या चौकशीची हकीकत येथे सांगतो. स्वतंत्र भारतातले हे पहिले मोठे आर्थिक प्रकरण म्हणतात. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झाले. लाखो विमेदारांच्या हप्त्यांचा पैसा त्याच्या हाती आला. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग विकत घेतले. मुंध्रांची आर्थिक स्थिती डळमळीत झाली होती आणि हा व्यवहार महामंडळाच्या गुंतवणूक समितीला बाजूला ठेवून झाला होता. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हा प्रश्न लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद आणि पंतप्रधान नेहरूंचे जावई. घरचाच माणूस घरच्यांना जाब विचारतो आहे, हे दृश्य तेव्हाही दुर्मिळ होते, आजही आहे.

जानेवारी १९५८ मध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचे एकसदस्य चौकशी मंडळ नेमले. छगलांनी मुंबईत उघड चौकशी केली. ऐकायला इतकी गर्दी लोटली, की आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी, अर्थखात्याचे सचिव एच. एम. पटेल, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, सगळ्यांच्या साक्षी लोकांच्या कानांवर पडल्या. अहवाल फेब्रुवारीत हातात आला. आजच्या चौकशांचा वेग पाहता हे वाक्य पुन्हा वाचावेसे वाटेल; जानेवारीत मंडळ, फेब्रुवारीत अहवाल.

आता हा अहवाल काय म्हणाला ते पाहण्याजोगे आहे. मंत्र्यांचे म्हणणे होते, की हा व्यवहार आपल्या संमतीने झालाच नाही, सचिवांनी केला. छगलांनी निष्कर्ष काढला, की सचिवांच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. अधिकाऱ्याच्या आड त्याला उभे राहता येणार नाही. कृष्णम्माचारींनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. पुढे अधिकाऱ्यांच्या वागणुकीची वेगळी चौकशी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या मंडळाने केली. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. आणि ज्यांच्यावर त्या वेळी सर्वांत जास्त ठपका ठेवला गेला, ते सचिव पटेल १९७७ मध्ये जनता सरकारचे अर्थमंत्री झाले!

समजा, डिसेंबर १९५७ मध्ये कोणाच्या तरी ओसरीवर चकली मोडत ही चर्चा चालली होती. एक जण म्हणाला असेल, "सगळे चोर." दुसरा म्हणाला असेल, "नेहरूंचं सरकार बदनाम करायचा हा डाव." दोघेही चुकले असते. व्यवहार गैर होता, हे खरे निघाले. पण मंत्र्याने स्वतःचे खिसे भरले, असे निघाले नाही. मंत्री जबाबदार ठरला, पण ज्याला आपण चोर म्हणतो तसा नव्हे. उद्योगपतीचा दोष वेगळ्या जातीचा, सचिवाचा वेगळ्या, मंत्र्याचा वेगळ्या. 'दोषी' आणि 'निर्दोष' असे दोनच रकाने आखून आपण बसतो. चौकशीअंती निघणारे सत्य पुष्कळदा त्या दोन्ही रकान्यांत मावत नाही. आधी निवाडा करण्यातला मोठा तोटा मला हाच वाटतो. आपला अंदाज चुकतो, हे तर आहेच. पण प्रश्नच चुकीचा विचारला होता, हे आपल्याला पुढे कधी कळतही नाही.

आपल्या भाषेनेही या कामी आपल्याला थोडे फसवले आहे. 'आरोपी' या शब्दाचा अर्थ एवढाच, की ज्याच्यावर आरोप आहे तो. परंतु बोलताना आपण आरोपी आणि गुन्हेगार यांत फरक ठेवत नाही. एखाद्यावर गुन्हा 'दाखल' झाला, म्हणजे कोणीतरी तक्रार केली आणि ती नोंदवली गेली; त्यापलीकडे काही सिद्ध झाले नाही. अटक झाली, तरी अटक ही शिक्षा नव्हे. साठ किंवा नव्वद दिवसांच्या मुदतीत आरोपपत्र आले नाही तर कोठडीतल्या माणसाला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून जामीन मिळाला की 'सुटला' असे म्हणून पेढे वाटणारे जितके चुकतात, तितकेच अटक होताच 'अडकला' म्हणून फटाके वाजवणारे चुकतात. आरोपपत्र म्हणजे पोलिसांचे म्हणणे. त्यानंतर न्यायालय आरोप निश्चित करते, ते 'प्रथमदर्शनी' तथ्य दिसते म्हणून. मग साक्षी, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल आणि वर अपील. ही इतकी पायऱ्यांची विहीर आहे; आपण काठावरूनच पाणी गोड की खारे ते सांगून मोकळे होतो.

आणि या घाईची किंमत कोण मोजतो? केरळमधले एक उदाहरण आहे. नंबी नारायणन हे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेत क्रायोजेनिक इंजिनाच्या प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ. ३० नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. देशाची गुपिते परकीयांना विकली, असा आरोप. त्यात दोन परदेशी स्त्रियांची नावे आल्यामुळे वर्तमानपत्रांना तर काहीच कमी पडले नाही. रोज नवे रसाळ प्रकरण छापून येत होते. पन्नास दिवस ते कोठडीत होते. या वादळाचा उपयोग पक्षांतर्गत भांडणासाठीही झाला आणि मार्च १९९५ मध्ये मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पायउतार व्हावे लागले. त्या पायउतारामागे हे प्रकरण एक मोठे कारण होते. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि १९९६ मध्ये त्या विभागाने न्यायालयाला सांगितले, की या आरोपांत तथ्य नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण पुन्हा उकरण्यास नकार दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे अटकेनंतर जवळजवळ चोवीस वर्षांनी, त्याच न्यायालयाने त्यांना पन्नास लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

पद्मभूषण मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु मी कादंबरीकार असल्यामुळे मला वेगळेच दिसते. १९९४ साली त्यांच्या शेजारच्या घरी कोणीतरी राहत असेल. रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून त्याने आपल्या मुलांना सांगितले असेल, "त्या घराकडे जाऊ नका." ते वाक्य मागे घेणारे कोणते न्यायालय आहे?

कादंबरीकार म्हणून आणखी एक कबुली देतो. कादंबरीत खलनायक दहाव्या पानावर ओळखू यावा लागतो, नाहीतर वाचक पुस्तक मिटतो. मलाही ही सवय झाली आहे. वर्तमानपत्र वाचताना मी नकळत पात्रयोजना करू लागतो. हा कपटी, हा भोळा, ही यामागची बाई. आपण सगळेच थोडेफार कादंबरीकार असतो. पण माझ्या कादंबरीतल्या खलनायकाला बायकामुले नसतात. असली तरी ती कागदाची असतात.

आपल्या मराठी इतिहासातच पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध' चा 'मा' केला म्हणून आनंदीबाईंचे नाव घराघरांत गेले. 'धरावे'चे 'मारावे' त्यांनीच केले, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु भाषेने निकाल केव्हाच देऊन टाकला. अडीचशे वर्षे तो वाक्प्रचार आपण रोज वापरतो, शाळेत मुलांना शिकवतो, मीही शिकवला आहे. याच प्रकरणात दुसरे एक नाव आहे, रामशास्त्री प्रभुण्यांचे. राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवून ते पुणे सोडून गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. नाटकात तो प्रवेश आला की टाळ्या पडतात. पण त्या बाणेदार उत्तराआधी काही आठवडे त्यांनी शांतपणे चौकशी केली होती, हे सांगायला आपण विसरतो. खून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी निकाल असणार. तो एक माणूस तेवढे दिवस गप्प होता. त्या वेळी आप्पांसारखे कोणी त्यांनाही म्हणाले असेल, "म्हणजे शास्त्रीबुवा तुम्ही दादासाहेबांच्याच बाजूचे!"

येथवर वाचून आप्पा म्हणतील, "मास्तर, हे सगळं ठीक. पण चौकशा पंधरा पंधरा वर्षं चालतात. तोवर तो मनुष्य तीनदा निवडून येतो. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, एवढं म्हटलं की मोठ्यांची तोंडं बंद आणि छोट्यांची घरं जप्त. तुमच्या या थांबण्याचा फायदा कोणाला?"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मी शब्दांनी गुंडाळणार नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला विलंब परवडतो. पुष्कळ चौकशा सत्य शोधण्यासाठी नेमलेल्या नसतात. ते लोक विसरावेत म्हणून नेमलेल्या असतात. अहवाल येतो तेव्हा तो वाचणारे उरत नाहीत. "न्यायालयाला ठरवू द्या" हे वाक्य कित्येकदा न्यायाच्या प्रेमाने नव्हे, तर सोयीने उच्चारलेले असते.

पण मला वाटते, आप्पांनी तीन निरनिराळे प्रश्न एका पिशवीत घातले आहेत. हा मनुष्य गुन्हेगार आहे काय, हा एक प्रश्न. चौकशी संपेपर्यंत त्याने त्या खुर्चीवर बसावे काय, हा दुसरा. आणि मी त्याला मत द्यावे काय, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाला पुरावा लागतो, तोही शंकेपलीकडचा. कारण त्याचे उत्तर माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ शकते. दुसऱ्याला तेवढा लागत नाही. माझ्या वर्गातल्या गुणांबद्दल तक्रार आली, तर चौकशी होईपर्यंत मी त्या वर्गाच्या वह्या तपासू नयेत, हे मला कोणी सांगायला नको. त्यात माझा अपराध कबूल होत नाही. वह्यांचा मान राहतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियलूरचा रेल्वे अपघात झाला, तेव्हा लालबहादुर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले. पूल त्यांनी तोडला, असे कोणीच म्हटले नव्हते. १९९६ मध्ये हवाला प्रकरणात नाव आले तेव्हा लालकृष्ण अडवाणींनी लोकसभेचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक लढवणार नाही असे सांगितले. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने आरोप रद्द केले. अडवाणींचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, खुर्ची सोडणे आणि गुन्हा कबूल करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातून दिसले. तिसरा प्रश्न तर सर्वस्वी माझा आहे. मत देताना मला कोणाला तुरुंगात घालायचे नसते. विश्वास ठेवायचा की नाही, एवढेच ठरवायचे असते. तेथे माझ्या मनातली शंका पुरते. मात्र ती शंका आहे, खात्री नव्हे, हे मी स्वतःला आणि घरच्या मुलांना सांगितले पाहिजे.

दूरसंचार परवान्यांचे प्रकरण असेच होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. वाटपाची पद्धत मनमानी ठरवली. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातले सगळे आरोपी सोडले; त्यावर तपास यंत्रणेने अपील केले. लोक विचारू लागले, यांतले खरे कोणते? दोन्ही निकाल दोन निरनिराळ्या प्रश्नांना दिलेली उत्तरे होती, हे लक्षात घेतले तर गोंधळ बराच कमी होतो.

आणि निवाडा थांबवणे म्हणजे प्रश्न थांबवणे नव्हे. फिरोज गांधी काही "चौकशी होऊ द्या, मग बोलू" म्हणत घरी बसले नव्हते. ते बोलले म्हणूनच चौकशी झाली. चौकशी का रखडली, साक्षीदार का फुटले, अधिकाऱ्याची बदली मध्येच का झाली, हे विचारणे आपले काम आहे; आणि ते आपल्या पक्षाच्या माणसाबद्दलही विचारता आले, तरच आपल्या थांबण्याला काही किंमत आहे. विरोधकाबद्दल तत्काळ निकाल आणि आपल्या माणसाबद्दल "कायद्याला त्याचं काम करू द्या", हा प्रकार आप्पा म्हणतात तसाच आहे. त्याला लबाडी हेच नाव.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला चिरकारीची गोष्ट सांगतात. गौतमाचा हा मुलगा प्रत्येक गोष्ट फार वेळ विचार करून करी. लोक त्याला मंद म्हणत. एकदा बायकोवर रागावलेला गौतम मुलाला म्हणाला, "तुझ्या आईचा वध कर," आणि वनात निघून गेला. चिरकारी शस्त्र हाती घेऊन विचार करीत राहिला. पित्याची आज्ञा मोठी, की आईचे रक्षण मोठे? इकडे वनात गौतमाचा राग उतरला, आपण काय सांगून बसलो म्हणून तो रडत धावत परत आला. पाहतो तो मुलगा अजून विचारच करतो आहे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला चिरकारीचे हसू यायचे. आता लक्षात येते, की तो झोपलेला नव्हता. तेवढा सगळा वेळ तो काम करीत होता. दोन्ही बाजू मनात उचलून त्यांचे वजन पाहणे, हे कष्टाचे काम आहे. नुसते हात बांधून बसणे नव्हे.

हे सगळे तत्त्वज्ञान मला पुस्तकांतून आले असते तर बरे झाले असते. ते तसे आले नाही. आमच्या नात्यातले एक काका गावच्या पतसंस्थेचे अध्यक्ष होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी संस्था बुडाली. कोणाच्या मुलीच्या लग्नाचे पैसे अडकले, कोणाच्या निवृत्तीचे. सहकार खात्याची चौकशी लागली. आधी कलम ८३ची, मग नुकसानीची जबाबदारी ठरवणारी कलम ८८ची. गाव दोन दिवसांत दुभंगले. अर्धे म्हणाले, काकांनी पैसे खाल्ले. अर्धे, म्हणजे बहुतेक भावकीच, म्हणाले, काका देवमाणूस, त्यांना गोवले आहे.

आमच्या घरून त्यांच्याकडे दरवर्षी फराळाचा डबा जाई. त्या दिवाळीला आईने डबा भरला आणि म्हणाली, "देऊन ये रे." मी शाळेच्या कामाचे निमित्त सांगितले आणि शेजारच्या एका पोराच्या हाती डबा पाठवून दिला. मी काकांना चोर ठरवले नव्हते. आपण तटस्थ आहोत, असेच मी मनाशी म्हणत होतो. खरे तर बाजारपेठेतून त्यांच्या दाराकडे जाताना चार माणसे पाहतील, याची मला भीती वाटत होती. पुढची तीन वर्षे डबा असाच पोराच्या हाती गेला.

चौथ्या वर्षी निकाल आला. काकांनी एक पैसा घेतलेला नव्हता. पैसे काढले होते व्यवस्थापकाने. पण खोट्या कर्जांच्या कागदांवर अध्यक्ष म्हणून काकांच्या सह्या होत्या. त्यांनी कागद न वाचताच सह्या केल्या होत्या. नुकसानीचा वाटा त्यांच्यावर बसला. रस्त्याकडचा शेताचा तुकडा विकून त्यांनी तो भरला. ठेवीदारांना काही पैसे मिळाले, सगळे मिळाले नाहीत. गावातल्या दोन्ही बाजू चुकल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी आपलेच खरे झाले असे म्हटले.

त्या दिवाळीला मी स्वतः डबा घेऊन गेलो. काकूंनी पाट मांडला. काका बराच वेळ बोलले नाहीत. मीच म्हणालो, "काका, मी या तीन वर्षांत आलो नाही."

"तुझं काय," काका म्हणाले, "अर्धे लोक आलेच नाहीत. आणि जे यायचे ते म्हणायचे, काका, तुम्ही देवमाणूस. आता देवमाणसानं काय सांगायचं? सह्या न वाचता केल्या, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं रे. सांगायचं होतं कोणाला तरी. पण विचारलंच नाही कोणी. तू आला असतास आणि नुसतं विचारलं असतंस, काका, काय झालं, तर तुला सांगितलं असतं मी."

मी करंजी हातात घेऊन तसाच बसलो.

आप्पांना द्यायचे उत्तर मला त्या पाटावर मिळाले होते. एवढी वर्षे ते मला नीट मांडता येत नव्हते, इतकेच. निवाडा राखून ठेवणे म्हणजे त्या घराकडे पाठ फिरवणे नव्हे आणि डोळे मिटून त्या घराची बाजू घेणेही नव्हे. जाऊन समोर बसायचे आणि विचारायचे, काय झाले. मंत्री-पुढाऱ्यांच्या ओसरीवर आपल्याला जाता येत नाही, हे खरे. तेथे आपल्या वतीने विचारायला विधिमंडळ आहे, न्यायालय आहे, वर्तमानपत्र आहे, आणि ते विचारतात की नाही हे पाहायला आपण आहोत. पण ज्या ओसऱ्या आपल्या गल्लीत आहेत, तेथे तरी आपल्याला जाता येते.

यंदाही नरकचतुर्दशीला आप्पा येतील. चकलीच्या दुसऱ्या तुकड्यानंतर मला विचारतील, "काय मास्तर, झालं का मत?" मी त्यांना वर्तमानपत्रातले कोणते वाक्य तक्रारीतले, कोणते पोलिसांचे आणि कोणते न्यायालयाचे, ते दाखवीन. वाद होईल, चहा निवेल. आणि ते गेल्यावर काकांकडचा डबा घेऊन मी बाजारपेठेच्या रस्त्याने जाईन.